बंदी १८०७ ची, मग १८६० नंतर नाशिकला आलेली ती मुलं कुठली?

तुमचा प्रश्न असा: नाशिकच्या शरणपूर भागात एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहत होती, असं तुमच्या वाचनात आलं. शाळेत मात्र आपण शिकलो की इंग्रजांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला आणि १८३३ मध्ये गुलामगिरीच संपवली. मग १८६० नंतर ही मुलं आली कुठून? आणि इतकी वर्षं कायदा असून व्यापार चालूच राहिला असेल, तर ते कायदे नुसते दाखवण्यापुरते होते का?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. ती मुलं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे निघालेल्या गलबतांतून सोडवलेली होती, आणि त्या गलबतांना १८०७ चा कायदा लागूच नव्हता. दुसऱ्या भागाला वेळ लागेल. 'हो, दाखवण्यापुरते होते' असं म्हणणं चूक आहे आणि 'नाही, कायद्यानेच गुलाम सुटले' हेही चूक आहे. कुठला समुद्र, जहाजावर कुठल्या देशाचं निशाण आणि कुठलं दशक, यावर उत्तर बदलतं.

मी आधी नऊ वर्षं ठाणे-रायगडच्या कोर्टांत वकिली केली आणि नंतर गेली वीस वर्षं कायद्याचा इतिहास शिकवते आहे. वकिलीतली एक सवय मला या विषयात फार उपयोगी पडली. बंदीचा कुठलाही कायदा हातात आला की मी उद्देशिका आणि तारीख बाजूला ठेवते आणि चार गोष्टी शोधते: कायदा कुणाला लागू आहे, सूट कुणाला दिली आहे, पुरावा कुणी द्यायचा, आणि सुटलेल्या माणसाचं पुढे काय. गुलामांच्या व्यापाराचा सगळा इतिहास या चार प्रश्नांत मावतो असं माझं मत आहे. म्हणून त्याच वाटेने जाऊ.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १८०७ च्या कायद्याने माणसं विकत घेऊन जहाजात भरून नेण्याला बंदी घातली. १ मे १८०७ नंतर कुठल्याही ब्रिटिश बंदरातून या धंद्यासाठी जहाज सुटायचं नाही आणि १ मार्च १८०८ नंतर वसाहतींत गुलाम उतरवायचे नाहीत. पण जमैकाच्या उसाच्या मळ्यात जो माणूस आधीच गुलाम होता, त्याच्या आयुष्यात या कायद्याने काहीही बदललं नाही. तो गुलाम राहिला, त्याची मुलं गुलाम राहिली. ती गाठ सुटायला १८३३ चा कायदा यावा लागला. तो १ ऑगस्ट १८३४ ला अमलात आला आणि त्यानंतरही 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या नावाखाली १८३८ पर्यंत माणसांना जुन्या मालकांकडेच राबावं लागलं. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. ते सगळे मालकांना. राबणाऱ्यांना एक पैसाही नाही. हे वर्गात सांगताना आजही माझा आवाज चढतो.

आता पहिला प्रश्न, कायदा कुणाला लागू. १८०७ च्या कायद्यात शिक्षा काय होती? पकडलेल्या प्रत्येक गुलामामागे शंभर पौंड दंड आणि जहाज जप्त. म्हणजे सुरुवातीला हा गुन्हा जकात बुडवण्याच्या पंक्तीतला होता. दहांपैकी एखादी खेप पकडली गेली तरी व्यापारी फायद्यात राहायचा, कारण दंड हा त्याच्या हिशेबात आणखी एक खर्च झाला. हे लवकरच लक्षात आलं. म्हणून १८११ मध्ये हेन्री ब्रूमने आणलेल्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरवला आणि चौदा वर्षांपर्यंत हद्दपारीची शिक्षा ठेवली. १८२४ मध्ये त्याला चाचेगिरीचा दर्जा देऊन देहान्ताची शिक्षा आली, १८३७ मध्ये ती काढून आजन्म हद्दपारी ठेवली. अमेरिकेतही असंच घडलं. तिथे गुलाम आयात करण्यावर १ जानेवारी १८०८ पासून बंदी होती आणि १८२० मध्ये चाचेगिरीची शिक्षा आली. तरी त्या कायद्याखाली फाशी गेलेला कप्तान एकच: नॅथॅनियल गॉर्डन, २१ फेब्रुवारी १८६२, न्यूयॉर्क. त्याच्या जहाजावर ८९७ माणसं सापडली होती आणि त्यांतली निम्मी मुलं होती.

पण शिक्षा कितीही वाढवली तरी ती ब्रिटिश माणसाला, ब्रिटिश जहाजाला. जहाजावर फ्रान्सचं, स्पेनचं किंवा पोर्तुगालचं निशाण लावलं की प्रश्न मिटला. ही अडचण कोर्टात उघड झाली ती 'ल लुई' नावाच्या फ्रेंच जहाजाच्या खटल्यात. इंग्रज जहाजाने ते आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पकडलं होतं. १८१७ मध्ये सर विल्यम स्कॉट यांनी निकाल दिला की शांततेच्या काळात खुल्या समुद्रावर दुसऱ्या देशाचं जहाज अडवून झडती घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. धंदा कितीही घृणास्पद असला तरी नाही. जहाज परत करावं लागलं. हा निकाल वाचून विद्यार्थी चिडतात. मीही पहिल्यांदा चिडले होते. पण विचार करा, आपल्याला पटेल त्या कारणासाठी कुणाचंही जहाज अडवण्याची मुभा सगळ्यात बलाढ्य आरमाराला दिली असती, तर पुढच्या वेळी कारण गुलामगिरीचं असतंच असं नाही. निकाल कायद्याला धरून होता आणि त्याची किंमत तळघरात साखळीने बांधलेल्या माणसांनी मोजली. मला या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात.

मग उरला एकच मार्ग, एकेका देशाशी तह करायचा. म्हणूनच १८१७ नंतरची पन्नास वर्षं कायद्यांइतकीच तहांची आहेत. तहांनुसार १८१९ पासून फ्रीटाउन, हवाना, रिओ अशा ठिकाणी दोन्ही देशांचे न्यायाधीश असलेली मिश्र न्यायालयं बसली. पकडलेलं जहाज तिथे आणायचं, पुरावा मांडायचा, दोषी ठरलं तर जहाज मोडीत आणि माणसं मोकळी.

इथे तिसरा प्रश्न येतो, पुराव्याचा, आणि मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथेच. सुरुवातीच्या तहांमध्ये अट अशी होती की जहाजावर प्रत्यक्ष गुलाम सापडले पाहिजेत. जहाज रिकामं असेल तर ते उघड उघड गुलाम भरायला चाललं आहे हे दिसत असूनही हात लावायचा नाही. शिवाय पकडणाऱ्या खलाशांना दरडोई बक्षीस होतं. १८०७ च्या कायद्यात पुरुषामागे ४० पौंड, बाईमागे ३०, मुलामागे १०. पुढे ते कमी करत पाच पौंडांवर आणलं. अट आणि बक्षीस एकत्र ठेवून बघा. किनाऱ्यावर जहाज भरण्याआधीच ते अडवलं तर कप्तानाला काहीच मिळत नाही आणि खटलाही टिकत नाही. माणसं भरून, समुद्रात आल्यावर पकडलं तर बक्षीस मिळतं. लढाऊ जहाजं मुद्दाम थांबून राहतात असा आरोप त्या काळातच झाला. आणि पाठलाग सुरू झाला की पुरावा नाहीसा करायला गुलामांना समुद्रात फेकून देण्याचे प्रकारही घडले. कायद्यातल्या एका अटीने काय होऊ शकतं ते यात दिसतं.

यावर तोडगा निघाला तो 'साहित्याच्या कलमा'चा. स्पेनशी १८३५ मध्ये झालेल्या तहात ते आलं आणि पोर्तुगालच्या जहाजांना इंग्लंडने ते १८३९ मध्ये एकतर्फी लावलं. यात गुलाम सापडण्याची गरजच ठेवली नाही. जहाजावर पुढचं सामान दिसलं तरी पुरे: तळघराच्या झाकणाला बंद फळ्यांऐवजी हवा जाईल अशी जाळी. तळघरात गरजेपेक्षा जास्त आडभिंती. दुसरा मजला टाकता येईल अशा कापून ठेवलेल्या जादा फळ्या. बेड्या, साखळ्या, हातकड्या. खलाशांना लागेल त्याच्या कितीतरी पट पाणी आणि पाण्याची पिंपं. जेवणाच्या जादा परातीसारख्या टबांची रास. मोठ्या पंगतीला पुरेल असा हंडा. तांदूळ, मका, कसाव्याचं पीठ, तेही बेसुमार. यांतलं काही सापडलं तर जहाज गुलामांच्या धंद्यातलं धरायचं आणि 'हे सामान कायदेशीर व्यापारासाठी आहे' हे सिद्ध करायची जबाबदारी कप्तानावर.

ही यादी मी विद्यार्थ्यांना मोठ्याने वाचायला लावते. कुणीही न समजावता त्यांना जहाज डोळ्यांपुढे दिसतं. दोन मजल्यांमध्ये बसताही येणार नाही एवढी जागा, एकच हंडा, एकच जाळी. यादी करणाऱ्यांनी वर्णन केलेलं नाही, त्यांना पुरावा हवा होता. तरी इतकं अचूक वर्णन दुसरीकडे क्वचित सापडेल.

या कलमाचं महत्त्व मला पुस्तकातून कळलं नाही. वकिलीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी माझ्याकडे एका वीटभट्टीवरच्या कातकरी कुटुंबांचं प्रकरण आलं. पावसाळ्याआधी लग्नासाठी, आजारपणासाठी उचल घ्यायची आणि मग हंगामामागून हंगाम ती फेडत राबायचं. भट्टी सोडून जाता येत नाही, हिशेबाची वही मालकाकडे. मालकाचं म्हणणं, 'मी उसने पैसे दिले, त्यांनी काम केलं, यात वेठबिगारी कुठे?' वही मागितली तर ती भिजली. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाने हे कर्ज वेठीचं आहे असं सिद्ध कसं करायचं? १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यातलं १५ वं कलम तेव्हा मला तारून गेलं. मजूर म्हणाला की हे वेठीचं कर्ज आहे, तर तसं ते नाही हे मालकाने सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं उलटं फिरलं आणि प्रकरण उभं राहिलं. अन्यायाला बंदी घालणं सोपं असतं, पण पुरावा ज्याच्या पेटीत कुलूपबंद आहे त्यालाच तो काढायला लावणं, हे खरं कायद्याचं काम. साहित्याच्या कलमाने तेच केलं, १९७६ च्या आधी जवळजवळ दीडशे वर्षं.

तरी आकडे विसरू नका. १८०७ नंतर अटलांटिक पार करून नेलेल्या माणसांची संख्या तीस लाखांच्या वर जाते. इंग्रज आरमाराच्या पश्चिम आफ्रिकेतल्या ताफ्याने साठ वर्षांत साधारण सोळाशे जहाजं पकडली आणि दीड लाखांच्या आसपास माणसं सोडवली. दीड लाख माणसं म्हणजे दीड लाख आयुष्यं, हे मी कमी लेखत नाही. पण तीस लाखांपुढे ती संख्या ठेवून पाहिलीच पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, सूट कुणाला. इथे आपण आपल्याकडे येतो. १८३३ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की हा कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला, सिलोनला आणि सेंट हेलेना बेटाला लागू नाही. म्हणजे 'ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली' हे शाळेतलं वाक्य हिंदुस्थानापुरतं खोटं आहे. आपल्याकडे गुलामगिरीच नव्हती म्हणून सूट दिली असं समजू नका. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री सरळ नोंदलेली आहे. कंपनीला घरोघरच्या या व्यवहारात हात घालायचा नव्हता, एवढंच.

आपल्याकडचा कायदा आला तो १८४३ चा पाचवा. इतका छोटा कायदा मी क्वचितच पाहिलाय, जेमतेम चार कलमं. कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याने गुलाम म्हणून कुणाची विक्री करायची नाही. 'हा माझा गुलाम आहे' या दाव्यावर कुठल्याही कोर्टाने हुकूम द्यायचा नाही. गुलाम आहे या सबबीवर कुणाची कमाई किंवा वारसा हिरावून घ्यायचा नाही. आणि मोकळ्या माणसाच्या बाबतीत जो गुन्हा, तोच गुलाम म्हणवल्या गेलेल्याच्या बाबतीतही गुन्हा. नीट पाहा, गुलाम ठेवणं हा गुन्हा आहे असं यात कुठेच म्हटलेलं नाही. कायद्याने मालकाचा हात धरला नाही, फक्त त्याच्या हातातला कोर्टाचा दंडुका काढून घेतला. गुलाम पळून गेला तर त्याला परत आणायला कोर्ट मदत करणार नाही, पण तो पळूच शकत नसेल तर त्याला मोकळं करायलाही कुणी येणार नाही. गुलाम म्हणून माणूस विकत घेणं, विकणं, आणणं हा गुन्हा ठरला तो दंड संहितेच्या ३७० आणि ३७१ कलमांनी, आणि ती अमलात आली १ जानेवारी १८६२ ला.

म्हणजे तुम्ही जो काळ विचारताय, तो नेमका इथे सुरू होतो. आता समुद्राकडे वळू.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सत्ता होती मस्कतच्या आणि पुढे झांजीबारच्या सुलतानाची. तिथे इंग्लंडचा कायदा चालत नाही, म्हणून पुन्हा तह. १८२२ मध्ये इंग्रज आरमाराच्या कॅप्टन मोरेस्बीने सुलतान सय्यद सईदशी पहिला तह केला. त्यात ख्रिस्ती लोकांना गुलाम विकायला बंदी आली आणि समुद्रावर एक रेघ ओढली गेली: आफ्रिकेतल्या केप डेलगाडोपासून निघून, सोकोत्रा बेटाच्या पूर्वेकडून, थेट आपल्या दीवच्या टोकापर्यंत. रेघेच्या पूर्वेला गुलाम घेऊन जाणारं सुलतानाच्या प्रजेचं गलबत दिसलं तर पकडायचं. पश्चिमेला दिसलं तर पकडायचं नाही. नकाशा काढून दीववर बोट ठेवा आणि पश्चिमेला बघा. पोरबंदर, द्वारका, कच्छची मांडवी, सगळी बंदरं रेघेच्या पश्चिमेला, म्हणजे 'पकडायचं नाही' त्या बाजूला. ही चूक सुधारायला सतरा वर्षं लागली. १८३९ मध्ये ती रेघ मकरान किनाऱ्यावरच्या पसनीपर्यंत मागे सरकवली.

पुढचा १८४५ चा तह १ जानेवारी १८४७ पासून लागू झाला. त्याने आफ्रिकेतून अरबस्तानात गुलाम न्यायला बंदी घातली, पण सुलतानाच्या आफ्रिकेतल्या स्वतःच्या बंदरांमध्ये, दक्षिणेला किल्व्यापासून उत्तरेला लामूपर्यंत, ने-आण चालू ठेवायची मुभा दिली. झांजीबार आणि पेंबा बेटांवर लवंगेचे मळे होते, त्यांना मजूर हवे होते, म्हणून ही सूट. परिणाम काय झाला असेल तो तुम्हीच ओळखाल. सगळी गलबतं लामूपर्यंत 'कायदेशीर' जायची आणि नैर्ऋत्येचा वारा धरला की रातोरात पुढे अरबस्तानाकडे सटकायची. १८६० च्या दशकात दर वर्षी पंधरा ते वीस हजार माणसं झांजीबारच्या बाजारातून जात होती. सूट जिथे असते तिथून व्यापार वाहतो. हे पाण्याइतकं सरळ आहे आणि कायदा करणारे दर वेळी ते नव्याने शिकतात.

या किनाऱ्यावर साहित्याचं कलमही नीट चाललं नाही. अटलांटिकमधलं गुलामांचं जहाज ओळखू यायचं. इथे तसं नव्हतं. प्रवासी नेणाऱ्या साध्या गलबतातही तांदूळ, पाणी आणि चटया असायच्याच. खलाशांमध्ये गुलाम, प्रवाशांबरोबर घरचे गुलाम, आणि त्यांच्यातच दोन-चार विकायला नेलेली मुलं. कोण कोण हे ठरवायचं दुभाष्याच्या तोंडून. त्यातच बक्षिसाची जुनी खोड इथेही आली. रिकाम्या गलबताला टनावारी बक्षीस होतं, आणि जप्त केलेलं गलबत मुंबई-एडनपर्यंत टिकणार नाही म्हणून समुद्रातच जाळलं जायचं. जळालेल्या गलबताचं माप मग फक्त कागदावर. निरपराध व्यापाऱ्यांची गलबतंही यात गेली. शेवटी १८६९ मध्ये आरमाराला आवर घालणाऱ्या सूचना काढाव्या लागल्या.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं, कारण आपल्याकडच्या लिखाणात ती गाळली जाते. झांजीबारच्या बंदरावरच्या जकातीचा मक्ता अनेक दशकं कच्छी भाटिया व्यापारी जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता, आणि बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक गुलामामागे जकात लागायची. आत जाणाऱ्या अरब तांड्यांना भांडवल पुरवणारे सावकारही बरेचसे कच्छी आणि खोजे. अनेकांच्या घरी आणि मळ्यांत गुलाम होते. १८६० मध्ये तिथले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी (कॉन्सल) रिग्बी, हे मुंबईच्या लष्करातले, यांनी ब्रिटिश संरक्षणाखालच्या हिंदी लोकांना त्यांचे गुलाम सोडायला भाग पाडलं. हजारो माणसं त्यात मोकळी झाली. त्यावर लगेच कायद्याचा मुद्दा निघाला की कच्छ हे संस्थान आहे, मग कच्छच्या रावांची प्रजा ब्रिटिश प्रजा कशी? पुढची कितीतरी वर्षं याच वादात गेली. पहिला प्रश्न पुन्हा तोच, कायदा कुणाला लागू.

हे सगळं सांगितल्यावर शरणपूर समजायला सोपं जातं. गलबत पकडलं, न्यायालयाने जप्ती मंजूर केली, आता माणसांचं काय करायचं? हा माझा चौथा प्रश्न. ज्या गावातून त्यांना पळवलं ते शेकडो कोस आत, वाटेत पुन्हा पकडून विकण्याची खात्री. म्हणून त्यांना एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबईत उतरवलं जायचं. मुंबईत पोलिसांच्या देखरेखीखाली काही मोठी माणसं गोदीत, जहाजांवर कामाला लागली, काही घरगुती नोकरीला लावली गेली, आणि बरीच मुलं मिशनऱ्यांच्या ताब्यात दिली गेली. नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये शरणपूरची वसाहत उभी केली होती. तिथले मिशनरी विल्यम प्राइस यांच्याकडे ही मुलं येऊ लागली. वाचन-लेखनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकली.

त्यांना 'मुक्त' म्हणायचं का, हे मी विद्यार्थ्यांना विचारते आणि स्वतः सावध उत्तर देते. मारहाणीतून आणि विक्रीतून ती सुटली, हे निश्चित. पण कुठे राहायचं, कुठला धर्म घ्यायचा, कुठलं नाव लावायचं, यांतलं काहीही त्यांना कुणी विचारलं नाही. १८०७ च्या कायद्यातच तरतूद होती की सोडवलेल्या माणसाला सैन्यात भरती करावं किंवा चौदा वर्षांपर्यंत उमेदवार म्हणून कुणाच्या हाताखाली द्यावं. माझ्या त्या वीटभट्टीच्या प्रकरणात सगळ्या कुटुंबांना मुक्ततेचे दाखले मिळाले. पुढच्या दिवाळीनंतर त्यांतली दोन कुटुंबं त्याच भट्टीवर दिसली. दाखला होता, रेशन नव्हतं, जमीन नव्हती, आणि उचल द्यायला तयार असणारा माणूस तोच एक होता. त्या दिवशी मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. म्हणून सुटकेचा आकडा वाचला की मी नेहमी पुढची ओळ शोधते.

शरणपूरच्या मुलांची पुढची ओळ बरीच मोठी आहे. नाशिकला शिकलेली काही मुलं डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-संशोधकाच्या शोधयात्रांत आफ्रिकेत परतली. त्यांतला जेकब वेनराइट. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला, तेव्हा प्रार्थना जेकबने वाचली, आणि ज्या झाडाखाली हृदय पुरलं त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरणारा हातही त्याचाच. बाकीच्या सोबत्यांबरोबर त्याने तो देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला आणि १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावून तो उभा होता. नाशिकच्या शाळेत गिरवलेली अक्षरं.

त्याच सुमारास, ५ जून १८७३ ला, सुलतान बरगशने नाकेबंदीच्या धाकाखाली नव्या तहावर सही केली आणि झांजीबारचा बाजार बंद झाला. बोलणी करायला आधी पाठवले होते ते बार्टल फ्रियर, मुंबईचे माजी गव्हर्नर. या वेळी सूट ठेवली नाही, समुद्रावरची सगळीच ने-आण बंद. मग तांडे जमिनीवरून उत्तरेला चालायला लागले आणि १८७६ मध्ये त्यावरही बंदी आणावी लागली. बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपायला १८९७ उजाडलं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, कायदे दाखवण्यापुरते होते का. पोर्तुगीज भाषेत यासाठी एक वाक्प्रचारच आहे, 'इंग्रजांनी पाहावं म्हणून'. तो जोडला जातो ब्राझीलच्या ७ नोव्हेंबर १८३१ च्या कायद्याशी. इंग्लंडच्या दबावाखाली केलेल्या या कायद्यात बाहेरून आणलेला प्रत्येक गुलाम ब्राझीलच्या भूमीवर पाय ठेवताच मुक्त आहे असं लिहिलं होतं. पाळला कुणी नाही. त्यानंतरही लाखो माणसं उतरवली गेली. १८५० मध्ये युझेबिओ द केरॉस यांचा कायदा आला, इंग्रज जहाजांनी ब्राझीलच्या बंदरांतच धाडी घातल्या, आणि १८४९ मध्ये पन्नास हजारांच्या वर असलेली आयात १८५२ मध्ये हजाराच्याही खाली गेली. सरकारने मनावर घेतलं की किती लवकर होतं ते पाहा.

पण १८३१ चा तो मेलेला कायदा रद्द कुणी केला नव्हता. लुईझ गामा नावाचा माणूस, दहाव्या वर्षी सख्ख्या बापाने गुलाम म्हणून विकलेला, साओ पाउलोमध्ये स्वतःच्या हिमतीवर कायदा शिकला. त्याने तेच कलम कोर्टापुढे ठेवलं: माझा अशील १८३१ नंतर आफ्रिकेतून आणलेला आहे, म्हणजे तो कधी कायद्याने गुलाम नव्हताच. या आणि अशा दाव्यांतून त्याने पाचशेहून अधिक माणसं सोडवली. १८८२ मध्ये तो गेला, ब्राझीलमधली गुलामगिरी संपण्याच्या सहा वर्षं आधी. म्हणून दाखवण्यापुरत्या केलेल्या कायद्यालाही मी टाकाऊ म्हणत नाही. कलम लिहिलेलं असलं की कधीतरी ते वाचणारा माणूस जन्माला येऊ शकतो.

तुम्हाला शरणपूरचा शोध पुढे न्यायचा असेल तर दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवा. या मुलांचा संबंध जंजिऱ्याच्या सिद्द्यांशी जोडू नका, ते कित्येक शतकं आधी आलेले आणि सत्ता गाजवलेले लोक. जुन्या इंग्रजी कागदांत ही मुलं 'नासिक बॉइज' या नावाने येतात, आणि त्यातही नाशिकचं स्पेलिंग दोन 'एस' घालून केलेलं असतं, ते घालून शोधा. १८७४ नंतर धागा तुटला असं वाटेल. तो तुटत नाही, प्राइसबरोबर मोंबासाला जातो. तिथे सोडवलेल्यांसाठी फ्रियर टाउन वसवलं गेलं आणि नाशिकहून गेलेले शिक्षक, सुतार, लोहार तिथे 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणून नोंदलेले सापडतील.